चेनवालीची तीन वर्षं

स्वयंपाकीण : म्हणजे तो साहेब तुझ्या तोंडावर म्हणाला, तुम्ही इथे नव्हताच?

चेनवाली : तोंडावर कुठलं! तोंड त्याचं कागदात खुपसलेलं. म्हणाला, "बाई, पहिली तीन वर्षं तुम्ही या गावात आढळत नाही." आढळत नाही! जसा काही मी दुर्मीळ पक्षीच.

स्वयंपाकीण : मग तू काय म्हणालीस?

चेनवाली : म्हटलं, साहेब, इथे नव्हते तर कुठे होते तेवढं सांगा. तीन वर्षं कुठेतरी मजा केली असेल तर निदान आठवून तरी बघीन.

स्वयंपाकीण : असं म्हणालीस? त्याला?

चेनवाली : छे गं. मनात. तोंडातून फक्त "हो साहेब, थँक्यू साहेब". माझं काय सांगू तुला, मला कुणी खड्ड्यात ढकललं तरी पडता पडता थँक्यू म्हणेन.

स्वयंपाकीण : अगं पण अंड्यांच्या शेडमध्ये होतीस की! सकाळी सहापासून अंडी निवडत. अख्खं गाव तू निवडलेली अंडी खात होतं.

चेनवाली : तोच तर पुरावा होता. गावाच्या पोटात गेला आणि जिरला. परवान्यावर नुसता देश, गाव नाही, आणि शेडच्या मालकानं हजेरीत आमचं एकीचंही नाव घातलं नव्हतं. शेडला कुलूप लावून तो कुठे गेला, त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि राहायला ही दुकानामागची खोली. दुकान तेव्हा शिंपीकाकांचं. त्यांना म्हटलं होतं, राहते म्हणून एक चिठ्ठी लिहून द्या. तर म्हणाले, "चिठ्ठी कशाला पोरी, माझा विश्वास आहे तुझ्यावर." विश्वास घेऊनच वर गेले बिचारे. मशीन ठेवून गेले, चिठ्ठी नाही.

स्वयंपाकीण : नागरिक व्हायला एका गावात दहा वर्षं लागतात. तुझी कागदावर किती?

चेनवाली : नऊ. आले बारा वर्षांपूर्वी. म्हणजे बघ, तीन वर्षांनी तरुण झाले मी. एवढं कुठल्या क्रीमनं जमत नाही.

स्वयंपाकीण : थट्टा पुरे. एक वर्ष थांब आणि परत अर्ज कर. आचेवर ठेवलेलं आहे, शिजेल.

चेनवाली : मी थांबेन गं. पोरगी थांबेल का? पुढच्या महिन्यात वीस तारखेला अठरा पूर्ण. त्याच्या आत मी इथली झाले तर ती माझ्या मागोमाग येऊ शकते. एकदा अठरा झाली की ती "स्वतंत्र परकी व्यक्ती". फॉर्मवर असंच छापलंय. माझ्याच पोटची, आणि स्वतंत्र परकी व्यक्ती.

स्वयंपाकीण : अरे देवा. हे बोलली नव्हतीस.

चेनवाली : काय बोलू? पाच वर्षांची असताना आईकडे ठेवून आले. म्हटलं, दोन वर्षांत नेते. कामाच्या परवान्यावर मूल आणता येत नाही, हे इथे पाय ठेवल्यावर कळलं. मग आई गेली, पोर भावाकडे गेली. बारा वर्षांत दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी तिनं मला दारातच "या, बसा" म्हटलं. पाहुण्यासारखं. मी पण शहाणी, बसले.

स्वयंपाकीण : बरं, साहेबानं काही वाट दाखवली की नुसतंच हाकललं?

चेनवाली : दाखवली ना. म्हणाला, तिसऱ्या वर्षाचा तारखेचा कागद आणा. एकच वर्ष सिद्ध करा, पुरे. नाहीतर गावातला जुना नागरिक आणा, जो मंगळवारी समोर उभा राहून शपथेवर सांगेल की ही बाई तेव्हा इथेच होती. नातलग चालत नाही. एका जागी काम करणारा चालत नाही.

स्वयंपाकीण : मग मी येते! शाळेच्या खानावळीत काम करते मी, तुझ्या दुकानाशी माझा काय संबंध?

चेनवाली : तुला नागरिक होऊन दीड वर्ष झालं. तू अजून ओली आहेस. साहेबाला वाळलेला माणूस हवाय, निदान वीस वर्षांचा.

स्वयंपाकीण : ओली! शपथविधीच्या दिवशी राष्ट्रगीताची तिन्ही कडवी म्हटली मी. दुसरं कडवं सुरू झालं आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या इथल्या लोकांचे ओठ नुसतेच हलायला लागले. आम्ही सहा परके तेवढे खड्या आवाजात. दुसरं कडवं या देशात फक्त आपल्यालाच येतं.

चेनवाली : तेच तर. पाठांतरात मी पहिली. नदीची लांबी विचार, पुलाचं साल विचार. शंभर प्रश्न घोकले. साहेबानं एकशे एकावा विचारला, "तुम्हाला गावात कोण ओळखतं?"

स्वयंपाकीण : मग? तुला तर सगळे ओळखतात.

चेनवाली : मलाही तसंच वाटत होतं. आईला फोनवर छाती फुगवून सांगायचे, आई, मला सगळं गाव ओळखतं. काल दुकान बंद ठेवून निघाले शोधायला. आधी औषधवाल्याकडे. अकरा वर्षं त्याच्याकडून डोकेदुखीच्या गोळ्या घेते. म्हणाला, "का नाही, का नाही, लगेच लिहून देतो." कागद घेतला, पेन घेतलं, चष्मा घातला आणि म्हणाला, "तुमचं नाव काय?"

स्वयंपाकीण : हात मेल्या.

चेनवाली : त्याच्या वहीत मी "चेन" आहे. नुसतं चेन. गावाला मी चेनवाली. बाहेरच्या कुणी ऐकलं तर वाटेल, गळाभर सोनं घालून हिंडते. पँटीच्या चेनी बदलते म्हणून चेनवाली, हे कोण सांगणार?

स्वयंपाकीण : आणि नगराध्यक्ष? त्याचे तर सगळे कपडे तुझ्याकडे.

चेनवाली : त्याची कंबर बत्तीस होती तेव्हापासून मी सैल करत आलेय. आता अडतीस. त्या माणसाचा सगळा इतिहास माझ्या टेपवर आहे. म्हटलं, साहेब, तिसऱ्या वर्षी तुम्ही चौतीस होता, आठवतं का? तो असा लाल झाला! म्हणाला, "निवडणूक जवळ आलीय, आत्ता परक्यांच्या कागदावर सही बरी दिसत नाही." आणि जाताना म्हणतो कसा, कोटाचं बटण शुक्रवारपर्यंत होईल ना?

स्वयंपाकीण : तू काय म्हणालीस?

चेनवाली : थँक्यू म्हटलं.

स्वयंपाकीण : तुझ्या जिभेला एकदा गरम उलथनं लावायला पाहिजे.

चेनवाली : लाव. पण बघ ना गंमत. गावातल्या प्रत्येकाची कंबर मला तोंडपाठ. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा डावा खांदा खाली, कोण पोट आत ओढून माप देतं. आणि गावाला माझं नाव ठाऊक नाही. यात गावाची चूक नाही गं. मीच कधी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी कुणी चेनवाली म्हणालं, मी मान डोलावली. वाटलं, सोपं आहे त्यांना. अकरा वर्षं मी "तो पिशवी" म्हणत होते आणि गिऱ्हाईकं हसायची, तेव्हाही मला वाटायचं, काय विनोदी आहे मी!

स्वयंपाकीण : दार वाजलं.

चेनवाली : अगं बाई. मास्तरीणबाई आहेत. शेजारच्या. हळू बोल म्हटलं होतं ना तुला!

स्वयंपाकीण : मी? एवढा वेळ कोण बोलत होतं?

चेनवाली : या बाई, या. सॉरी हं बाई, आवाज झाला का? आता मशीन लावणार नाही. ही पण निघालीच.

मास्तरीणबाई : बसा. उठू नका. मी आवाजाबद्दल आले नाही. आवाज आहेच, पण त्याबद्दल नंतर.

चेनवाली : मग दोरीवरच्या कपड्यांचं पाणी? आज तर मी काही वाळत...

मास्तरीणबाई : मला बोलू द्याल? भिंत विटेची असली तरी एकेरी आहे. गेला अर्धा तास सगळं माझ्या कानावर पडतं आहे. मी ऐकत नव्हते. कानावर पडत होतं.

स्वयंपाकीण : अर्धा तास पडलं म्हणजे बरंच साचलं असेल.

मास्तरीणबाई : या कोण?

चेनवाली : मैत्रीण आहे बाई. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते.

मास्तरीणबाई : हं. शाळेतून मी निवृत्त झाले तेव्हा तिथे खानावळ नव्हती. असो. कचेरीतला तो मनुष्य म्हणतो की तुम्ही पहिली तीन वर्षं इथे नव्हता?

चेनवाली : हो बाई.

मास्तरीणबाई : मग मी कुणाशी भांडत होते?

चेनवाली : अं?

मास्तरीणबाई : या घरात येऊन तुम्हाला बारा वर्षं झाली आणि पहिल्या आठवड्यापासून मी भांडते आहे. तुम्ही नव्हता, तर मी तीन वर्षं मोकळ्या खोलीशी भांडत होते असा त्याचा अर्थ होतो. मला वेडी ठरवतो तो. ही वही बघा.

स्वयंपाकीण : आण इकडे. बाप रे, काय सुंदर अक्षर! "चौदा मार्च. सकाळी पाच पन्नास. शेजारणीने दार आपटले." "दोन जून. ओल्या चादरीचे पाणी माझ्या कुंड्यांत. झाडे जगली, तो भाग वेगळा." हे काय आहे?

मास्तरीणबाई : त्रासाची नोंद. तारीखवार. तक्रार करायची तर तपशील हवा.

चेनवाली : हे सगळं माझ्याबद्दल आहे? सगळी वही?

मास्तरीणबाई : चार वह्या आहेत. घरी तीन.

स्वयंपाकीण : "नऊ सप्टेंबर. शिलाई मशीन पावणेसात ते नऊ. सोबत गाणे. बेसूर. भाषा परकी. अर्थ न कळल्याने तक्रार अपुरी." अगं, तू गातेस?

चेनवाली : दिवसा शेड, संध्याकाळी काकांचं शिवण. गाणं म्हटलं नाही तर डोळा लागून सुई बोटात जायची. बेसूर असेल. आमच्याकडेही मला कुणी गायला बोलवत नसे.

मास्तरीणबाई : त्या तीन वर्षांत मी नगरपालिकेत सतरा तक्रारअर्ज दिले. सतराही अर्जांची पोच माझ्याकडे आहे. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. सहा अर्ज तिसऱ्या वर्षातले आहेत. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत.

स्वयंपाकीण : थांबा थांबा. पण त्यात नाव कुठे आहे? "शेजारीण" असेल तर साहेब म्हणेल, शेजारीण म्हणजे कुणीही.

मास्तरीणबाई : तक्रारीत नाव चुकलं तर अर्ज फेटाळतात. पोस्टमनला थांबवून, पाकिटावरून मी एकेक अक्षर उतरवून घेतलं होतं. तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बघा, बरोबर आहे का?

स्वयंपाकीण : अगं, नुसतं बोट काय फिरवतेस त्यावर? बरोबर आहे ना?

चेनवाली : बरोबर आहे. बाबांचं नावसुद्धा. इथे कुणी इतकं नीट लिहिलेलं नाही. परवान्यावरही चुकलंय.

मास्तरीणबाई : मंगळवारी किती वाजता?

चेनवाली : बाई, तुम्ही येणार? माझ्यासाठी?

मास्तरीणबाई : तुमच्यासाठी असं मी म्हटलेलं नाही. जे घडलं ते घडलं नाही असं कुणी म्हणत असेल, तर तिथे जाऊन सांगणं भाग आहे. चाळीस वर्षं मी हजेरी घेतली आहे. हजर असलेल्याला गैरहजर मी कधी मांडलं नाही.

स्वयंपाकीण : म्हणजे तुमच्या शिव्यांवर हिचं नागरिकत्व उभं राहणार!

मास्तरीणबाई : शिव्या नव्हेत. तक्रारी. फरक आहे.

चेनवाली : सातची बस आहे बाई. थँक्यू. म्हणजे, सॉरी. म्हणजे त्या चादरीबद्दल सॉरी आणि त्याबद्दलच थँक्यू.

मास्तरीणबाई : एक वाक्य नीट पूर्ण करायला शिका मंगळवारपर्यंत. आणि अर्जात तुम्ही "वास्तव्य" चुकीचं लिहिलं असेल. सगळेच लिहितात. आणा इकडे, बघते.

(मंगळवार, दुपार. जिल्ह्याच्या कचेरीबाहेरचा बसथांबा. बाकावर दोघीच.)

चेनवाली : बाई, पाणी घ्या.

मास्तरीणबाई : नको. बस यायला किती अवकाश आहे?

चेनवाली : वीस मिनिटं. त्यानं खरंच शिक्का मारला ना? माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, नीट दिसलं नाही. नाहीतर जेवणाची सुट्टी असा शिक्का असायचा.

मास्तरीणबाई : "तिसरे वर्ष मान्य" असं लिहून खाली सही केली. "वर्ष"मधला रफार मी त्याला नीट द्यायला लावला. बारा तारखेला शपथविधी. मुलीचा अर्ज सोबत जोडून घेतला, त्याची पोच तुमच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. तिसऱ्यांदा सांगते आहे.

चेनवाली : बारा. वीसच्या आत आठ दिवस. बाई, त्यानं सही केली तेव्हा मी काय बोलले?

मास्तरीणबाई : सॉरी म्हणालात.

चेनवाली : सॉरी?

मास्तरीणबाई : तीनदा. त्यालाही प्रश्न पडला.

चेनवाली : घ्या. बारा वर्षं वाट बघितली त्या क्षणाची, आणि माफी मागितली! आणि तो पोटभर हसत होता तुमची वही वाचून. बाजूच्या टेबलावरच्या बायकांनासुद्धा बोलावलं. "ऐका ऐका, शेजारणीने आज माझ्या मांजराशी परक्या भाषेत गप्पा मारल्या, मांजर आता माझे ऐकत नाही." मला वाटलं, गेलं आता, ही बाई त्रासदायक आहे म्हणून काढून टाकतील देशातून.

मास्तरीणबाई : तो म्हणाला ते ऐकलंत का? "एवढा त्रास द्यायचा तर माणसाला कायमचंच राहावं लागतं."

चेनवाली : ऐकलं. पोरीला सांगणार आहे. आई कशी पास झाली विचारलं तर सांगेन, उपद्रव या विषयात पैकीच्या पैकी.

मास्तरीणबाई : ती नोव्हेंबरची नोंद त्यानं वाचली. तेव्हा तो हसला नाही.

चेनवाली : कुठली?

मास्तरीणबाई : "सतरा ते वीस नोव्हेंबर. मशीन बंद. गाणे बंद. दार वाजले नाही. आजारी असावी. विचारावे का?" तिथे तो थांबला आणि त्यानं पान उलटलं. खाली आणखी दोन शब्द होते.

चेनवाली : काय होते?

मास्तरीणबाई : "गेले नाही." ताप होता का तेव्हा?

चेनवाली : नाही बाई. आई गेली होती. शेडवर फोन आला. परवाना नूतनीकरणाला दिलेला, हातात काहीच नाही. गेले असते तर परत येता आलं नसतं, आणि परत आले नसते तर पोरीला आणणार कुठून? मग बसून राहिले. मशीनपुढेच बसले होते, पण पाय काही चालेना पायट्यावर. चौथ्या दिवशी नगराध्यक्षाची पँट द्यायची होती. उठले. चौतीस इंच. म्हणून तर माप लक्षात राहिलंय.

मास्तरीणबाई : रडण्याचा आवाज आला नाही.

चेनवाली : उशी होती ना तोंडावर. तुम्ही तक्रार केली असतीत.

मास्तरीणबाई : हो. केली असती कदाचित.

चेनवाली : गंमत केली बाई मी.

मास्तरीणबाई : मी आले होते. तुमच्या दारापर्यंत. तिसऱ्या दिवशी. हातात सूपचं भांडं होतं.

चेनवाली : आणि?

मास्तरीणबाई : तीनच दिवसांपूर्वी तुमच्याविरुद्ध अर्ज दिला होता. कुठल्या तोंडानं दार वाजवणार? पायरीवर उभी राहिले. मग परत गेले.

चेनवाली : हे वहीत नाही.

मास्तरीणबाई : नाही.

चेनवाली : तुम्ही तर जे घडलं ते सगळं लिहिता.

मास्तरीणबाई : घडलं कुठे ते? घडलं असतं तर लिहिलं असतं.

चेनवाली : सूप कसलं होतं बाई?

मास्तरीणबाई : बटाट्याचं. अळणी. मी एकटीपुरता स्वयंपाक करते, मला मिठाचा अंदाज उरलेला नाही.

चेनवाली : तरी मी प्यायले असते.

मास्तरीणबाई : आणि थँक्यू म्हणाली असतीस.

चेनवाली : दहादा.

मास्तरीणबाई : ती बघ, बस आली. पायरी उंच दिसते आहे हिची.

चेनवाली : हात द्या बाई, धरते मी.

मास्तरीणबाई : मी कुणाचा हात धरून चढत नाही.

चेनवाली : माहीत आहे.

मास्तरीणबाई : तू आधी चढ. मग वरून दे.